नाशिक–मुंबई : अंतर एक, वेळा अनेक

दोन वर्षांपूर्वी बंगळुरूला राहणाऱ्या माझ्या भाचीने फोनवर सहज विचारले, "मामा, नाशिकहून मुंबईला विमानाने किती वेळ लागतो गं आईला? ती माझ्याकडे यायला निघणार आहे." भाचीला हवे होते एक वाक्याचे उत्तर. मी नकाशा उघडला, पट्टी ठेवली, आकडेमोड केली आणि मग लक्षात आले, की या प्रश्नाला एक उत्तर नाही. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत नाशिकने हा प्रश्न अनेकदा विचारला आहे आणि दर वेळी त्याचे उत्तर वेगळे आले आहे. या लेखाचा विषय तोच आहे.

आधी आकडे मांडून घेऊ. ओझरचा विमानतळ आणि मुंबईचा सांताक्रूझ-सहारचा विमानतळ यांच्यातले सरळ रेषेतले अंतर भरते सुमारे १५८ किलोमीटर. नाशिकमधल्या गांधीनगरच्या जुन्या धावपट्टीपासून मोजले तर ते सुमारे १३८ वर येते, कारण ओझर शहराच्या पलीकडे, मुंबईच्या विरुद्ध दिशेला आहे. लोहमार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नाशिकरोड १८८ किलोमीटर. म्हणजे लोहमार्ग सोडून आकाशातून गेले तर वाचतात ते जेमतेम तीस किलोमीटर. एवढ्या छोट्या फरकासाठी विमान कशाला, असे कोणीही म्हणेल. पण त्या तीस किलोमीटरपेक्षा मोठी गोष्ट मधे उभी आहे. तिचे नाव सह्याद्री.

आपल्याकडच्या जुन्या माणसांनी अंतर किलोमीटरमध्ये मोजलेच नाही. कोस होता, मजल होती. कोस हे जमिनीचे माप. मजल हे माणसाच्या आणि बैलाच्या दमाचे माप. भरलेली बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालते असे धरले, तर नाशिकहून मुंबई आठ दिवसांची होते, आणि त्यात थळ घाट उतरायचा दिवस वेगळा धरावा लागे. मजल दरमजल हा शब्दप्रयोग आज आपण गमतीने वापरतो. तेव्हा तेच वेळापत्रक होते.

हे वेळापत्रक मोडले ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावली. हा प्रसंग सर्वांना पाठ आहे. नाशिककरांच्या दृष्टीने मात्र खरी तारीख बारा वर्षांनंतरची, १ जानेवारी १८६५ ही. त्या दिवशी थळ घाटातला लोहमार्ग खुला झाला. कसारा आणि इगतपुरी या दोन स्थानकांत लोहमार्गाने सोळा किलोमीटर आहेत, पण त्या सोळा किलोमीटरांत गाडीला सुमारे ३०० मीटर वर चढावे लागते. चढ ३७ ला १. म्हणजे सदतीस मीटर पुढे जावे तेव्हा एक मीटर वर. लोहमार्गाच्या हिशेबात ही भिंतच. बोगदे, दऱ्यांवरचे पूल, एहेगावचा तो उंच पूल, आणि सुरुवातीच्या रचनेत घाटातच गाडीची दिशा उलटी करण्याचे एक ठिकाण, अशा सगळ्या खटाटोपातून हा मार्ग तयार झाला. या कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले याने दोन्ही घाटांची आखणी केली, पण काम पुरे झालेले पाहायला तो उरला नाही. १८६२ मध्येच तो वारला. घाटात राबलेल्या हजारो मजुरांची नावे तर कुठेच नाहीत.

आठ दिवसांचा रस्ता एका दिवसात, नव्हे काही तासांत आला. पण लगेच एक नवा प्रश्न उभा राहिला, आणि या लेखाचा धागा तिथूनच सुरू होतो. गाडी नाशिकला येत नव्हती. ती नाशिकरोडला येत होती. स्थानकापासून गाव आठ-नऊ किलोमीटर दूर, मधे झाडी आणि ओसाड माळ. मुंबई जवळ आली आणि नाशिकरोड दूरच राहिले.

यात भर घड्याळांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने मद्रासची वेळ धरली, मुंबई शहर मात्र स्वतःची 'मुंबई टाइम' सोडायला तयार नव्हते. दोहोंत सुमारे अर्ध्या तासाचा फरक. म्हणजे मुंबईच्या घड्याळाने वेळेवर निघालेला मनुष्य स्थानकाच्या घड्याळाने अर्धा तास उशिरा ठरे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली तरी मुंबईतला हा हट्ट थेट १९५५ पर्यंत काही ठिकाणी टिकून होता. 'प्रवासाला किती वेळ लागतो' हे सांगण्याआधी 'कुणाच्या घड्याळाने' हे विचारावे लागण्याचे दिवस आपल्या आजोबांनी पाहिले आहेत.

स्थानक ते गाव या आठ-नऊ किलोमीटरांवर नाशिकने शोधलेला उपाय म्हणजे घोड्यांची ट्राम. १८८९ च्या सुमारास अडीच फुटी रुळांवर ती सुरू झाली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिका इमारतीपासून नाशिकरोड स्थानकापर्यंत दोन डबे, आणि ओढायला चार घोडे. गंजमाळसारखी आज शहराच्या पोटात गेलेली ठिकाणे तेव्हा वाटेवर लागत. दुष्काळ आणि प्लेग यांनी या ट्रामचे कंबरडे मोडले आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बंद पडली. ट्राम गेली, पण तिने एक गोष्ट शिकवली होती: मोठ्या प्रवासाचा वेग ठरवते ती शेवटची छोटी वाट.

या ट्रामचा सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. पुढे त्याने बार्शी लाइट रेल्वे बांधली आणि अरुंद रुळांच्या जगात मोठे नाव कमावले. पण त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध मला या विषयासाठी अधिक महत्त्वाचा वाटतो. रोल्स-रॉईसमधला चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र. १९१० मध्ये विमान कोसळून रोल्स गेला. त्या धक्क्याने कॅल्थ्रॉप हवाई छत्रीच्या मागे लागला आणि 'गार्डियन एंजल' नावाची छत्री त्याने घडवली. १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून तिची चाचणी दाखवण्यात आली. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ती वापरली गेली. ब्रिटिश वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत छत्र्या मिळाल्या नाहीत. मेन रोड ते नाशिकरोड घोड्यांची ट्राम आखणारा मनुष्य शेवटी आकाशातून पडणाऱ्या माणसाचा विचार करत होता. नाशिक आणि विमान यांचा पहिला संबंध लावायचा तर मी इथून लावीन.

अर्थात श्रद्धाळू नाशिककर माझ्याशी वाद घालतील. ते म्हणतील, पंचवटीतून सीतेला आकाशमार्गे नेले तोच पहिला संबंध, आणि इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला जटायू पडला ती पहिली हवाई झुंज. सर्वतीर्थ टाकेदच्या कुंडावर आजही लोक जातात. हा मुद्दा मी श्रद्धेकडेच सोडतो. एवढेच नोंदवतो, की दंतकथेतही आकाशातली वाट इगतपुरीच्या डोंगरांवरूनच जाते.

आता ओझर. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे तेव्हा म्हटले गेले ते सर्वश्रुत आहे. दिल्लीत गेलेल्या मंत्र्याला लोकसभेत जागा हवी होती. १९६३ मध्ये नाशिकने त्यांना बिनविरोध निवडून दिले. त्याच सुमारास सोव्हिएत रशियाशी मिग-२१ विमाने भारतात बनवण्याचा करार आकाराला येत होता. काम तीन ठिकाणी वाटले गेले: इंजिने ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जोडणी नाशिकजवळ ओझरला. १९६४ मध्ये हा सगळा पसारा हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, म्हणजे एचएएलच्या, छत्राखाली आला. चव्हाणांनी नाशिकच्या मतांची परतफेड केली, असे जिल्ह्यात आजही सांगतात. जागा निवडताना लष्करी दृष्टीने सीमेपासूनचे अंतर, सपाट माळ, मुंबई बंदराची जवळीक, हे सगळे विचारात असणारच. पण लोकांच्या स्मरणात कारण एकच उरले आहे, आणि ते कृतज्ञतेचे आहे.

ओझरचे 'ओझर मिग' झाले. एका परकीय विमानाचे नाव गावाच्या नावाला चिकटले, आणि एसटीच्या प्रवाशांच्या तोंडी ते इतके रुळले की मिग म्हणजे काय हे न विचारता माणसे 'मिगला उतरायचंय' म्हणू लागली. द्राक्षबागांच्या मधोमध सुमारे तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी आली. साडेसहाशेहून अधिक मिग-२१ एचएएलने बांधली. नंतर मिग-२७ आली, २००४ पासून सुखोई-३० एमकेआय बाहेर पडू लागली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हवाई दलाने मिग-२१ ला चंदीगडला निरोप दिला आणि पुढच्याच महिन्यात ओझरहून तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले.

इथे थोडा हिशेब करू. मिग-२१ ध्वनीच्या दुप्पट वेगाने, म्हणजे उंचावर ताशी सुमारे २१०० किलोमीटरने, उडू शकत असे. त्या वेगाने ओझर ते मुंबईचे १५८ किलोमीटर साडेचार मिनिटांत संपतात. ते विमान ज्यांनी हाताने जोडले, रिव्हेट मारले, तपासले, त्या कामगाराला मुंबईला साहेबांकडे किंवा बहिणीकडे जायचे असेल तर तो काय करी? पहाटे उठून, एसटीने किंवा सायकलीने निघून, नाशिकरोडला गाडी पकडी. १ नोव्हेंबर १९७५ रोजी मनमाड–मुंबई पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली आणि नाशिकच्या नोकरदारांना मुंबईत दिवसाचे काम करून रात्री घरी परतणे शक्य झाले. साडेचार मिनिटांचे विमान बांधणारे गाव साडेतीन-चार तासांच्या गाडीवर अवलंबून होते. हा विरोधाभास कुणाला बोचला असे दिसत नाही. विमान देशाचे होते. पंचवटी आपली होती.

मला मात्र तो एकदा बोचला. नव्वदीच्या दशकातली पावसाळ्यातली रात्र. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला आणि इथल्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितले. रुग्णवाहिकेत मी, आई आणि एक मदतनीस. घोटी ओलांडली, इगतपुरी गेली, आणि कसारा घाटाच्या तोंडाशी वाहने थांबली. खाली कुठेतरी ट्रक उलटला होता. आम्ही तिथे पावणेतीन तास उभे होतो. धुक्यात पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत. मधेच दरीतून एक रेल्वेगाडी वर चढत गेल्याचा आवाज आला, मागून ढकलणाऱ्या इंजिनांची घरघर बराच वेळ ऐकू येत राहिली. वडिलांनी डोळे न उघडता विचारले, "कुठवर आलो?" आईने सांगितले, "आलोच." ते वाचले, आणखी नऊ वर्षे जगले. पण अंतर म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळले. त्या वेळी आम्ही ओझरच्या धावपट्टीपासून फार तर सत्तर किलोमीटरवर होतो आणि तिचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता.

म्हणूनच ओझरला नागरी विमानतळ व्हावा ही मागणी मला कधी चैनीची वाटली नाही. गांधीनगरची धावपट्टी लष्कराची. ज्या भागाला १९५० च्या काँग्रेस अधिवेशनामुळे गांधीनगर हे नाव मिळाले तिथे आज लष्कराच्या वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. हेलिकॉप्टरांचा आवाज उपनगरच्या लोकांना घड्याळासारखा झाला आहे. मोठ्या विमानांसाठी ओझरच योग्य होते. तिथे २०१४ च्या मार्चमध्ये प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. इमारत झाली, पण नियमित विमान येईना. गंमत अशी, की त्या दशकात ओझरहून मालवाहू विमानांनी शेळ्या-मेंढ्या शारजाला जात होत्या. बकरे थेट आखातात आणि माणसे कसारा घाटात, असे विनोद तेव्हा नाशिकच्या कट्ट्यांवर होत.

मग 'उडान' योजना आली. तासाभराच्या किंवा साधारण ५०० किलोमीटरच्या उड्डाणाला काही आसनांसाठी २५०० रुपयांची मर्यादा, आणि तोट्याची भरपाई सरकारकडून. २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनच्या अठरा आसनी बीचक्राफ्ट विमानाने नाशिकला मुंबई आणि पुण्याशी जोडले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, पेढे वाटले गेले. सेवा मात्र अनियमित राहिली, आणि २०२० मध्ये कोरोनाच्या काळात त्या कंपनीने कामच थांबवले.

हे का झाले याची कारणे कंपनीच्या कारभारात शोधली जातात. मला वाटते, मूळ कारण भूगोलात आणि गणितात आहे. विमानाला घाट नसतो असे आपण समजतो. पण मुंबईच्या आकाशात एक घाट आहे, त्याचे नाव 'स्लॉट'. मुंबईच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवरून दिवसाला नऊशेहून अधिक विमाने उतरतात आणि उडतात. अठरा माणसांचे विमान असो की एकशेऐंशी माणसांचे, उतरायला जागा तेवढीच खाते. अशा बाजारात नाशिकच्या अठरा प्रवाशांना सोयीची वेळ कोण देणार? सकाळी जाऊन संध्याकाळी परतता आले नाही, तर दीडशे किलोमीटरच्या विमानाला अर्थ काय?

आता भाचीचा हिशेब करू. असे छोटे विमान ताशी साडेचारशे-पाचशे किलोमीटरने उडते. १५८ किलोमीटर हवेत वीस-पंचवीस मिनिटांचे. धावपट्टीकडे सरकणे, चढणे, मुंबईवर रांगेत घिरट्या घालणे, उतरणे धरून पाऊण तास. पण घरापासून ओझर वीस किलोमीटर, पाऊण तास. विमानतळावर तासभर आधी. उतरल्यावर बाहेर पडायला वीस-पंचवीस मिनिटे. आणि अंधेरीहून फोर्टला पोहोचायला एक तास, कधी दीड. बेरीज चार तासांच्या आसपास जाते. उलट २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबई–शिर्डी वंदे भारत सुरू झाली; ती सकाळी ६:२० ला मुंबईहून निघून ८:५७ ला नाशिकरोडला येते. दोन तास सदतीस मिनिटे. थळ घाटात तिला मागून ढकलणारी इंजिनेही लागत नाहीत. दीडशे वर्षांत घाटाने गाडीपुढे पहिल्यांदा मान तुकवली. घरून निघण्यापासून हिशेब केला तरी साडेतीन तास. रेल्वेने विमानाला हरवले, तेही आरामात.

रस्ताही मागे नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यात इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. ज्या घाटाच्या तोंडाशी आम्ही पावणेतीन तास उभे होतो तो घाट आता आठ-दहा मिनिटांत पोटातून पार होतो. मी पहिल्यांदा त्या बोगद्यातून गेलो तेव्हा गाडी चालवणारा मुलगा गाणे बदलत होता. बाहेर पडलो तरी त्याचे गाणे निवडून झाले नव्हते. मला मात्र आईचे 'आलोच' आठवले. अर्थात आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. ट्रामच्या काळातला तो धडा अजून लागू आहे: शेवटची वाटच प्रवासाचा वेग ठरवते.

मग ओझरचा विमानतळ वाया गेला का? मुळीच नाही. आपण तो चुकीच्या गावाशी मोजत होतो. २०१८ च्या जूनमध्ये जेट एअरवेजने दिल्लीची सेवा सुरू केली तेव्हा तिला चांगला प्रतिसाद मिळाला; २०१९ च्या एप्रिलमध्ये ती कंपनीच बंद पडली हे दुर्दैव. त्यानंतर आणखी काही कंपन्या आल्या-गेल्या, आणि २०२३ च्या मार्चपासून इंडिगोने गोवा, अहमदाबाद, नागपूर यांपासून सुरुवात करून पुढे दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू जोडत नेले. ओझर ते दिल्ली सरळ रेषेत सुमारे ९९० किलोमीटर. रेल्वेला वीस तासांच्या आसपास, विमानाला दोन. हैदराबाद ५७० आणि बंगळुरू ८६५ किलोमीटरच्या घरात. इथे विमानतळावर गेलेला तास आणि ओझरचा पाऊण तास जाणवत नाही, कारण वाचणारा वेळ दिवसभराचा आहे. जवळच्या गावाला जाताना विमानाचे ओझे प्रवासापेक्षा जड होते. दूरच्या गावाला जाताना ते हलके होते. एवढे साधे गणित समजायला आपल्याला काही वर्षे लागली.

या गणिताचा एक प्रश्न मात्र सुटायचा आहे. नाशिक–पुणे. दोन्ही शहरे महाराष्ट्राच्या उद्योगाची. पण रेल्वेने जायचे तर कल्याणवरून घाट उतरून पुन्हा चढावा लागतो. २३५ किलोमीटरच्या थेट लोहमार्गाचा आराखडा खोडद येथील महादुर्बिणीच्या परिसरामुळे वादात अडकला. दूरच्या आकाशगंगांचे आवाज ऐकणाऱ्या यंत्राला गाडीची विद्युत कुरबुर सहन होत नाही, हे मला पटते. पण सिन्नर-संगमनेरच्या माणसाची वाट पाहणेही कुणीतरी ऐकले पाहिजे. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्ते, स्थानके, विमानतळ यांवर मोठा खर्च होतो आहे. पर्वणी संपल्यावर त्यातले काय रोजच्या माणसाच्या उपयोगी पडते, त्यावर त्या खर्चाची किंमत ठरेल.

भाचीला मी शेवटी काय सांगितले? सांगितले, की आईला मुंबईला विमानाने पाठवू नकोस. ओझरहून थेट तुझ्याकडे पाठव. ताई गेली. विमान उडाले तेव्हा मी कुंपणाबाहेर उभा होतो. शेजारच्या बागेत द्राक्षांची छाटणी चालली होती आणि एका मजुराने मान वर करून पाहिले, मग पुन्हा कात्री चालवू लागला. संध्याकाळी ताईचा फोन आला. मी विचारले, "कुठवर आलीस?" ती म्हणाली, "अरे, केव्हाच पोहोचले. चहा झाला."